दिवे लुकलुकतात, पण पिंग नाही

वाचकांचे प्रश्न. या वेळी एकच विषय घेतला आहे: राउटरच्या डब्यातली छोटी इथरनेट स्विच चिप आणि तिला चालवणारा लिनक्सचा ड्रायव्हर. पत्रं गावोगावची सेवा केंद्रं, शाळा आणि जिनिंगचं नेटवर्क सांभाळणाऱ्यांची आहेत, दोन हार्डवेअर करणाऱ्यांचीही. कमांड देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. पिंग म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतं का हे बघणारी कमांड.

जुन्या राउटरमध्ये ओपनडब्ल्यूआरटीची (राउटरसाठीची लिनक्स) नवी आवृत्ती टाकली. आधी ईटीएच०.१, ईटीएच०.२ असं दिसायचं आणि स्विचकॉन्फिग कमांडनं पोर्ट वाटता यायचे. आता लॅन१ ते लॅन४, वॅन आणि वरून पुन्हा ईटीएच० दिसते. ईटीएच०ला आयपी देऊन पाहिला तर काहीच होत नाही. हे जास्तीचं कार्ड आलं कुठून?
— वरुड, जि. अमरावती

उलट आहे. यादीतलं खरं कार्ड ते एकच, ईटीएच०. प्रोसेसरकडून इथरनेटची एकच वाट निघते आणि ती आतल्या आत स्विच चिपच्या एका पोर्टाला जोडलेली असते. त्या पोर्टाला सीपीयू पोर्ट म्हणतात. डब्याच्या मागची पाच सॉकेटं आहेत ती स्विच चिपची. लॅन१, लॅन२, वॅन ही कार्डं ड्रायव्हरनं उभी केलेली आहेत, म्हणजे चिपचा एकेक पोर्ट लिनक्सला स्वतंत्र कार्डासारखा दिसावा म्हणून दिलेली नावं. या मांडणीला डीएसए म्हणतात. ती लिनक्सच्या २.६.२८ आवृत्तीत, २००८ साली, मार्व्हेलच्या चिपांसाठी आली. ओपनडब्ल्यूआरटीनं २१.०२ या आवृत्तीपासून बऱ्याच डब्यांवर स्विचकॉन्फिग सोडून ती घेतली. तुमची जुनी कमांड गेली ती त्यामुळे.

आता प्रश्न असा पडतो की पाच सॉकेटांतून आलेला माल एकाच तारेवरून प्रोसेसरकडे येत असेल, तर कोणता कुठून आला हे कसं ओळखायचं? जिनिंगमध्ये गाठीवर नंबर मारतात तसा चिप प्रत्येक फ्रेमवर, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या मालाच्या एकेका पुडक्यावर, नंबर मारते. त्याला टॅग म्हणायचं. तुमच्या डब्यात एमटी७६२१ प्रोसेसर असेल तर आतली स्विच एमटी७५३० जातीची आहे, तिच्यावरच दाखवतो. साध्या फ्रेमचे पहिले १२ बाइट म्हणजे दोन मॅक पत्ते, आधी कुणाला आणि मग कुणाकडून. त्यानंतर दोन बाइट प्रकाराचे, एआरपी (आयपीवरून मॅक पत्ता विचारणारी हाक) असेल तर हेक्स ०८०६. एमटी७५३० मॅक पत्ते आणि प्रकार यांच्या मध्ये चार बाइट घुसवते. प्रोसेसरकडे येताना त्यातल्या दुसऱ्या बाइटच्या शेवटच्या तीन बिटांत पोर्टचा नंबर असतो. जाताना मात्र नंबर नसतो, पोर्टांची खूण असते: चिपच्या ३ नंबरच्या पोर्टावर पाठवायचं तर तिसऱ्या घरातलं बिट, म्हणजे ८ हा आकडा. ड्रायव्हरच्या जोडीचं टॅग हाताळणारं कोड येताना हे चार बाइट काढून फ्रेम लॅन३च्या नावावर जमा करतं आणि जाताना ते भरून ईटीएच०वर सोडतं.

ईटीएच०ला दिलेला आयपी का चालला नाही ते यावरून कळेल. आलेली प्रत्येक फ्रेम डीएसए आधीच उचलून घेतं, ईटीएच०च्या आयपीपर्यंत काही पोचतच नाही. आणि ईटीएच०वरून थेट सोडलेल्या फ्रेमला टॅग नसतो, त्यामुळे चिप पुढचेच चार बाइट टॅग समजून वाचते. आयपी ब्रिजला, म्हणजे लॅन पोर्ट एकत्र बांधणाऱ्या लिनक्समधल्या स्विचला, द्या, नाहीतर एकट्या लॅन किंवा वॅन पोर्टाला द्या. ईटीएच०ला हात लावू नका. ते डाउन केलंत तर सगळे पोर्ट एकदम जातील.

टॅगची जागा आणि लांबी चिपेगणिक बदलते. मार्व्हेलचा ४ किंवा ८ बाइटांचा, क्वालकॉमच्या क्यूसीए८३३७चा २ बाइटांचा, रिअलटेकचा प्रकाराच्या जागी हेक्स ८८९९ लिहून येतो. मायक्रोचिपच्या केएसझेड मालिकेत टॅग फ्रेमच्या शेपटीला लागतो, एक-दोन बाइटांचा. या शेवटच्या जातीत एक गोम आहे. एआरपीची फ्रेम मुळात ४२ बाइटांची, ती ६० पर्यंत भरावी लागते. ही भरती टॅग लावायच्या आधी करावी लागते. नंतर केली तर टॅग शेपटीला राहत नाही आणि चिपला तो सापडत नाही. अशा वेळी मोठे पॅकेट जातात आणि बारके हरवतात, आणि माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

जुन्या लेखांत ईटीएच०ला मास्टर आणि लॅन पोर्टांना स्लेव्ह म्हटलेलं सापडेल. २०२३ पासून कर्नलमध्ये त्यांची नावं कंड्युइट आणि युजर पोर्ट अशी आहेत. वस्तू तीच.

ईटीएच०चा एमटीयू १५०४ दाखवते. कोणी छेडछाड केली का?
— कारंजा, जि. वाशिम

नाही. एमटीयू म्हणजे एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती बाइट माल मावतो ते. १५०० तुमचा माल आणि ४ टॅगचे. लॉगमध्ये ‘एमटीयू १५०४ करता आला नाही, डीएसए ओव्हरहेड’ अशा अर्थाची ओळ आली असेल तरच काळजी करा. तेव्हा छोटं पिंग जातं आणि वेबपान अर्धवट लटकतं, कारण पूर्ण भरलेली फ्रेम टॅगसकट कार्डात मावत नाही. तात्पुरता उपाय म्हणून युजर पोर्टांचा आणि ब्रिजचा एमटीयू १४९६ करा. पक्का उपाय ईटीएच०च्या ड्रायव्हरमध्ये आहे.

जिनिंगमध्ये आठ कॅमेरे, एक एनव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा). एनव्हीआर राउटरच्या लॅन१ला, कॅमेऱ्यांची स्विच लॅन२ला. रेकॉर्डिंग बरोबर होते. पण राउटरवर टीसीपीडंप (पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावला तर लॅन१वर व्हिडिओचं एकही पॅकेट दिसत नाही, आणि फायरवॉलनं अडवायला गेलो तर अडत नाही. भाऊ, हे कामून होते?
— वणी, जि. यवतमाळ

ड्रायव्हर नीट काम करतो आहे म्हणून. लॅन१ आणि लॅन२ एका ब्रिजमध्ये टाकताच ड्रायव्हर चिपच्या रजिस्टरांमध्ये (सेटिंगच्या कप्प्यांमध्ये) लिहितो की हे दोन पोर्ट एकमेकांशी बोलू शकतात. त्यानंतरचा व्हिडिओ चिपच्या आतच एका पोर्टातून दुसऱ्यात जातो, प्रोसेसरला त्याची खबरही नसते. जे प्रोसेसरपर्यंत आलंच नाही ते टीसीपीडंप काय दाखवणार आणि फायरवॉल काय अडवणार? कुठल्या मॅक पत्त्याचा माणूस कुठल्या पोर्टावर आहे, हे चिप स्वतःच शिकते आणि आपल्या तक्त्यात ठेवते. नेहमीच्या मांडणीत ३०० सेकंद आवाज आला नाही तर नोंद खोडते. ‘ब्रिज एफडीबी शो’ कमांड दिली की ड्रायव्हर चिपमधला तक्ता वाचून दाखवतो.

प्रोसेसरकडे फक्त तीन गोष्टी येतात: राउटरच्याच नावाचा माल, ब्रॉडकास्ट किंवा मल्टिकास्ट, आणि पत्ता अजून शिकलेला नाही असा माल. ब्रॉडकास्टचं प्रकरण नाजूक आहे. चिपनं ते बाकीच्या पोर्टांवर आधीच वाटलेलं असतं आणि एक प्रत वर पाठवलेली असते. लिनक्सच्या ब्रिजनं तेच पुन्हा वाटलं तर प्रत्येकाला दोन-दोन प्रती जातील. म्हणून टॅग काढतानाच त्या पॅकेटवर ‘चिपनं वाटून झालं’ अशी खूण करतात. नव्या ड्रायव्हरमध्ये ही खूण विसरली तर पिंगच्या उत्तरापुढे डुप्लिकेट असं लिहून येऊ लागतं.

व्हिडिओ बघायचाच असेल तर पोर्ट मिररिंग करा. एमटी७५३०, मार्व्हेल आणि ब्रॉडकॉमच्या बऱ्याच चिपा ते हार्डवेअरमध्ये करतात. लॅपटॉप लॅन४ला लावा आणि लॅन४ ब्रिजमधून काढा. मग टीसी कमांडनं लॅन१वर क्लसॅक्ट क्यूडिस्क बसवा आणि त्यावर मॅचऑल फिल्टर लावा: स्किप-एसडब्ल्यू, ॲक्शन मिर्रेड, इग्रेस मिरर, डिव्हाइस लॅन४. एकदा इन्ग्रेससाठी, एकदा इग्रेससाठी. ‘स्किप-एसडब्ल्यू’ लिहायचंच, कारण चिपला मिररिंग जमत नसेल तर कमांड तिथेच नाही म्हणते. ते वगळलंत तर कमांड गोड मानून घेते आणि प्रत्यक्षात काही होत नाही. लॅपटॉपचं कार्ड १०० एमबीचं असेल तर आठ कॅमेऱ्यांचा माल त्यात मावेलच असं नाही. पॅकेट गळालेली दिसली तर आधी ते बघा.

अडवायचं असेल तर एनव्हीआर आणि कॅमेरे वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवर आखलेल्या वेगळ्या नेटवर्कांमध्ये) टाकून मधला रस्ता राउटरमधून न्या. मग फायरवॉल लागू होईल. पण मग सगळा व्हिडिओ प्रोसेसरमधून जाईल, आणि लहान डब्याला ते झेपेल का हे आधी तपासा. आमचं मत विचाराल तर कॅमेरे आणि एनव्हीआर एकत्रच राहू द्या आणि त्या दोघांना मिळून ऑफिसच्या संगणकांपासून वेगळं करा.

लाइन जाऊन आली की दोन-तीन कॅमेऱ्यांना राउटरचा सोडून वरच्या ओएनटीचा (फायबरच्या डब्याचा) आयपी मिळतो. वॅन आणि लॅन तर वेगळे आहेत ना?
— हिंगणघाट, जि. वर्धा

ड्रायव्हर उठेपर्यंत वेगळे नाहीत. वीज आली की बऱ्याच चिपा साध्या, बिनडोक स्विचसारख्या सुरू होतात: पाचही पोर्ट एकमेकांना जोडलेले. ‘वॅन वेगळा’ हे ड्रायव्हर कर्नल सुरू झाल्यावर लिहितो. तोवरच्या काही सेकंदांत कॅमेरा डीएचसीपीची, म्हणजे आयपी मागायची, हाक मारतो आणि ओएनटी त्याला उत्तर देतं. पुढे ड्रायव्हर चिप रीसेट करतो, लिंक तुटून पुन्हा जुळते. त्या वेळी जो कॅमेरा पत्ता पुन्हा मागत नाही तो चुकीच्या पत्त्यावर अडकतो, लीज (त्या पत्त्याची मुदत) संपेपर्यंत.

बूटलोडर बदलता येत असेल तर त्यानं चिपची रीसेट पिन दाबून धरायची किंवा पोर्ट बंद ठेवायचे. तो या दोषाचा खरा इलाज आहे. कॅमेऱ्यांना हातानं पक्का आयपी द्या, त्यानं रोजचा ताप संपतो. आणि राउटर एकटा छोट्या यूपीएसवर ठेवला तर मुळात तो बंदच पडत नाही. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो, फक्त राउटरच्या ॲडॅप्टरवर लिहिलेले ॲम्पिअर त्यातून निघतात का ते बघून घ्या.

ग्रामपंचायतीचं ऑफिस लॅन१वर व्हीलॅन १०, शाळा लॅन२ आणि लॅन३वर व्हीलॅन २० अशी केली. पीव्हीआयडी (नंबर नसलेला माल कुठल्या व्हीलॅनचा धरायचा ते), अनटॅग्ड सगळं दिलं. व्हीलॅन फिल्टरिंग १ केलं आणि राउटरच हातातून गेला. रीसेटच करावा लागला.
— धारणी, जि. अमरावती

एक पोर्ट तुमच्या यादीतून राहून गेला: ब्रिज स्वतः. लिनक्समध्ये ब्रिजसुद्धा आपल्याच स्विचचा एक सभासद आहे, राउटरचा आयपी त्याच्यावर बसतो. तुम्ही आयपी ब्रिजवरच ठेवला होता, म्हणजे तो व्हीलॅन १मध्ये राहिला. ऑफिसच्या संगणकाची फ्रेम लॅन१मधून व्हीलॅन १०ची म्हणून आत आली. ड्रायव्हरनं चिपच्या व्हीलॅन तक्त्यात १०च्या ओळीवर सीपीयू पोर्ट लिहिलेला नव्हता, म्हणून चिपनं ती फ्रेम वर पाठवलीच नाही. दिवा मात्र लुकलुकत राहणार.

क्रम असा ठेवा. आधी ‘ब्रिज व्हीलॅन ॲड, व्हीआयडी १०, डिव्हाइस बीआर-लॅन, सेल्फ’ आणि तसंच २०साठी. शेवटचा ‘सेल्फ’ हा शब्दच महत्त्वाचा. मग बीआर-लॅन.१० आणि बीआर-लॅन.२० ही कार्डं उभी करून आयपी त्यांच्यावर द्या. मग पोर्टांना पीव्हीआयडी. फिल्टरिंग सगळ्यात शेवटी.

आणि त्या शेवटच्या कमांडआधी सुटकेची दोरी बांधून ठेवा. पार्श्वभूमीत एक ओळ चालू करा: १२० सेकंद झोप, मग व्हीलॅन फिल्टरिंग पुन्हा ०. राउटर पोचतो आहे असं दिसलं की ती ओळ मारून टाका. नाही पोचला तर दोन मिनिटांनी तो आपोआप परत येईल. धारणीपासून परतवाड्यापर्यंत घाट उतरून जायचं नसेल तर दूरच्या पाड्यावरच्या डब्याला ही ओळ लावल्याशिवाय हात लावू नये. फिल्टरिंग ०वर गेलं की व्हीलॅनच्या नोंदी ब्रिज बघत नाही, त्यामुळे जुना आयपी ब्रिजवर शिल्लक असेल तरच ही दोरी कामाची. तो शेवटी काढा.

पदविकेच्या प्रोजेक्टसाठी बोर्डाला स्विच चिप लावली आहे. एमडीआयओवरून (चिपची रजिस्टरं वाचायची-लिहायची तार) आयडी वाचला की चारही अंक एफ येतात. कधी कधी ड्रायव्हर ‘उणे ५१७’ म्हणून थांबतो. चिप जळली का?
— तुमसर, जि. भंडारा

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. उणे ५१७ म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर’. चिप ज्या एमडीआयओ बसवर आहे तिचा किंवा ईटीएच०चा ड्रायव्हर अजून उठलेला नाही, एवढाच अर्थ. कर्नल स्वतः पुन्हा प्रयत्न करतो. बूट पूर्ण झाल्यावरही तसंच राहिलं तर डीबगएफएसमधली ‘डिव्हाइसेस डिफर्ड’ ही फाइल वाचा, कोण कुणासाठी खोळंबलं ते कळेल. बहुतेक वेळा डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे जोडलं आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) सीपीयू पोर्टाखालचा ‘इथरनेट’ हा दुवा चुकीच्या कार्डाकडे गेलेला असतो किंवा त्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये घेतलेलाच नसतो.

चार एफ हे मात्र उत्तर नाही. ती शांतता आहे. एमडीआयओची तार एका रोधानं वर ओढून ठेवलेली असते. चिप बोलली तर ती तार खाली ओढते. कोणी बोललंच नाही तर सोळाच्या सोळा बिटं एक वाचली जातात. चार शून्यं आली असती तर तार जमिनीला चिकटली आहे का, वर ओढणारा रोध बसवला आहे का, हे बघा म्हणालो असतो. तुमच्याकडे तार ठीक दिसते, चिप गप्प आहे.

मल्टिमीटर घ्या आणि चिपचे सगळे पुरवठे मोजा. कोअर आणि आयओचे व्होल्ट वेगळे असतात, एक मिळाला म्हणून थांबू नका. मग रीसेट पिन. ती वर असायला हवी. इथे सगळ्यात जास्त फसगत होते: डिव्हाइस ट्रीमध्ये रीसेट ‘ॲक्टिव्ह लो’ऐवजी ‘ॲक्टिव्ह हाय’ लिहिलं गेलं तर ड्रायव्हर ‘सोडलं’ म्हणतो तेव्हा खरं तर चिप दाबून धरलेली असते. बूटलोडरमध्ये चिप दिसते आणि लिनक्समध्ये नाही, असं असेल तर नव्वद टक्के हेच. त्यानंतर २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, त्यासाठी ऑसिलोस्कोप लागेल.

एवढं ठीक असेल तर पत्ता. एमडीआयओवर ३२ पत्ते आणि प्रत्येकी १६ बिटांची ३२ रजिस्टरं. सगळ्या ३२ पत्त्यांवर रजिस्टर २ आणि ३ वाचा, तिथे फायचा, म्हणजे केबलवरचे सिग्नल हाताळणाऱ्या भागाचा, आयडी असतो. एमटी७५३० सहसा ३१ नंबरला बसते. मार्व्हेलच्या ८८ई६००० मालिकेत पत्ता काही पिनांवरून ठरतो. तो शून्य असेल तर चिप अनेक पत्त्यांवर पसरते आणि पोर्टांची रजिस्टरं बहुतेक चिपांत १६व्या पत्त्यापासून मिळतात. शून्य नसेल तर ती एकाच पत्त्यावर, दोनच रजिस्टरांतून बोलते. एक हुकमाचं, एक माहितीचं. पहिल्या पद्धतीनं विचारलंत आणि ती दुसऱ्या पद्धतीत बसली असेल तर चारही एफ. अशा पिनांचा पत्ता रीसेट सुटतानाच वाचला जातो, आणि बऱ्याच चिपांत याच पिनांना नंतर एलईडी लागलेले असतात. एलईडी उलट्या बाजूनं जोडला की पत्ता बदलतो. केएसझेड९४७७ असेल तर शोध इथेच थांबवा: तिच्यात एमडीआयओवरून फक्त फायची रजिस्टरं मिळतात, स्विचची हवी असतील तर एसपीआय किंवा आय-टू-सी.

बोलायला लागली की पुढचा धडा कुलपाचा. एमडीआयओचा एक व्यवहार ६४ बिटांचा: ३२ प्रस्तावनेची, मग सुरुवात, हुकूम, पत्ते, वळण आणि शेवटी १६ माहितीची. घड्याळ २.५ मेगाहर्ट्झचं धरलं तर २५.६ मायक्रोसेकंद लागतात. एमटी७५३०ची रजिस्टरं ३२ बिटांची आहेत, म्हणून एक वाचायला तीन व्यवहार: आधी ३१व्या रजिस्टरात पानाचा नंबर, मग खालची १६ बिटं, मग १६व्या रजिस्टरातून वरची १६. साधारण ७७ मायक्रोसेकंद. तेवढ्यात दुसऱ्या कुणी आकडेवारी वाचण्यासाठी पान उलटलं तर तुम्हाला अर्धं या पानाचं, अर्धं त्या पानाचं मिळतं. तीन व्यवहार पूर्ण होईपर्यंत बसचं कुलूप सोडायचं नाही. ही चूक टेबलावर कधीच दिसत नाही. आकडेवारी दर काही सेकंदांनी ओढणारा प्रोग्राम लावला की दिसते.

लिंकही सावधपणे वाचा. फायच्या रजिस्टर १मधलं २ नंबरचं बिट लिंकचं. एकदा लिंक तुटली की ते शून्यावर अडकून राहतं, कोणी वाचेपर्यंत. म्हणून आत्ताची खरी स्थिती हवी असेल तर दोनदा वाचा. इंटरप्ट नसेल तर कर्नल हे दर सेकंदाला विचारतो, त्यामुळे केबल काढल्यावर सेकंदभर लिंक ‘चालू’ दिसली तर ड्रायव्हरला दोष देऊ नका.

वजनकाट्याच्या कंट्रोलरसाठी बोर्ड केला. पाचही पोर्टांवर लिंक १०००ची येते, दिवे लागतात, चिपचा आयडी बरोबर वाचला जातो. पिंग एकाही पोर्टातून नाही. पण पोर्ट १ वरून पोर्ट २ला दोन लॅपटॉप एकमेकांना दिसतात.
— मूल, जि. चंद्रपूर

शेवटच्या वाक्यानं अर्धं काम केलं. बाहेरचे पोर्ट आणि चिप ठणठणीत आहेत, दोष प्रोसेसर आणि चिप यांच्यामधल्या बारा तारांत आहे. तिथे आरजीएमआयआय, म्हणजे या दोघांना जोडायची ठरलेली पद्धत, असणार.

आरजीएमआयआयमध्ये घड्याळ १२५ मेगाहर्ट्झचं आणि माहिती त्याच्या दोन्ही काठांवर वाचली जाते, म्हणजे प्रत्येक चौकडी बिटांना ४ नॅनोसेकंद मिळतात. वाचणाऱ्यानं त्या चारच्या मध्यावर वाचायला हवं, म्हणून घड्याळ सुमारे २ नॅनोसेकंद मागे ठेवतात. हा उशीर कोणी एकानंच द्यायचा: प्रोसेसरनं, चिपनं किंवा बोर्डावरच्या लांब तारेनं. कोणीच दिला नाही तर वाचन काठावर होतं. दोघांनी दिला तर चार झाले, म्हणजे पुन्हा पुढच्या काठावर. दोन्हीकडे लक्षण एकच: लिंक आहे, माल नाही किंवा कचरा.

ईथटूलच्या ‘-एस’नं ईटीएच०ची आकडेवारी काढा. तिच्या शेवटी सीपीयू पोर्टाचे आकडेही ‘पी०६’सारखा नंबर पुढे लावून येतात, म्हणजे तारेची दोन्ही टोकं एकाच ठिकाणी दिसतात. लॅपटॉपवरून शंभर पिंग सोडा. चिपच्या सीपीयू पोर्टानं शंभर पाठवले आणि ईटीएच०ला सीआरसी चुका (वाटेत बिघडलेल्या फ्रेम) दिसल्या तर येणाऱ्या बाजूचा उशीर चुकला. ईटीएच०नं पाठवले आणि चिपकडे चुका, तर जाणाऱ्या बाजूचा. दोन बाजू वेगळ्या दुरुस्त करा, एकदम दोन्ही बदलले तर काही शिकायला मिळत नाही. डिव्हाइस ट्रीमध्ये फाय-मोड ‘आरजीएमआयआय-आयडी’ ठेवून एका टोकाला इंटर्नल डिले २००० पिकोसेकंद आणि दुसऱ्याला शून्य, इथून सुरुवात करा.

याच ठिकाणी फिक्स्ड-लिंकही तपासा. या तारांच्या मध्ये फाय नाही, म्हणून वेग आपोआप ठरत नाही. १००० आणि फुल-डुप्लेक्स दोन्ही टोकांना लिहिलेलं हवं.

चुका शून्य आणि दोन्हीकडे मोजणी बरोबर, तरी पिंग नाही? मग टॅग. ईटीएच०वर टीसीपीडंप हेक्समध्ये लावा आणि १३व्या बाइटपासून काय येतं ते डोळ्यानं वाचा. सरळ ०८०६ दिसलं तर चिप टॅग लावतच नाही आहे, सीपीयू पोर्टाचं ते बिट सेट झालेलं नाही. शेपटीच्या टॅगवाल्या चिपांसाठी मात्र फ्रेमचं शेवटचं टोक बघावं लागेल.

मृगाच्या पहिल्या गडगडाटात लॅन२ गेला. ड्रायव्हर पुन्हा टाकून पोर्ट जिवंत होईल का?
— काटोल, जि. नागपूर

नाही. बाकीचे पोर्ट चालत असतील तर लॅन२च्या फायचा पुढचा भाग गेला. ईथटूलनं लिंक कधीच येत नाही हे एकदा खात्रीच्या केबलनं बघा, मग त्या सॉकेटवर चिकटपट्टी लावा. लिंक येते पण १००ची, तर अजून आशा आहे: गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि १००ला १-२ व ३-६ या दोनच, म्हणजे निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी तुटली असेल. दोन्ही टोकं पुन्हा क्रिंप करा. दोन इमारतींच्या मधली ओढ तांब्याची असेल तर ती बदलून फायबर टाका, नाहीतर पुढच्या जूनमध्ये लॅन३.